निळं बाळ

आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्रोग्रॅमरला सगळी इमारत ‘कॅमेरेवाला’ म्हणते. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅससमोर कॅमेरा लावणारा हा गृहस्थ. दूध उतू जायचं ते जातंच. हा चित्रीकरण नीट झालं का ते बघत असतो. त्यामुळे बाळ झालं आणि पाळण्यावर कॅमेरा लागला, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. बायकोची रजा संपली, बाळाला सांभाळायला सासूबाई आल्या, आणि हा ऑफिसात बसून मोबाइलवर बाळाचं तोंड बघू लागला.

पुढची भानगड त्यानंच मला नंतर मान खाली घालून समजावली. त्याचा कॅमेरा चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचे रंग निळा, हिरवा, लाल अशा क्रमानं देतो. मोबाइलला ते लाल, हिरवा, निळा असे लागतात. मधे त्यानंच लिहिलेला प्रोग्रॅम, त्यात निळ्या-लालाची अदलाबदल करणारी एक ओळ होती. एका सकाळी साहेबांनी प्रोग्रॅमची साफसफाई काढली आणि ती ओळ फालतू समजून उडवली. तपासलंसुद्धा! कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे वळवला. पांढऱ्यात तिन्ही रंग सारखेच, तेव्हा भिंत पांढरीच दिसली. स्वारी खूश होऊन कामावर गेली.

दुपारी मोबाइल उघडला, तर बाळ निळं!

त्यानं घरी फोन लावला. सासूबाईंचे हात बाळात गुंतलेले, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. दार उघडं. सगळ्या जिन्यानं ऐकलं.

“काय केलंत तुम्ही माझ्या बाळाला?”

“अहो, हसतोय की तो!”

“आंधळ्या आहात का? दवाखान्यात न्या आधी!”

मी गाडी काढली. बाळ माझ्या डोळ्यांदेखत गुलाबी होतं, पण त्या ओरडण्यापुढे मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना. दवाखान्यात हा धापा टाकत पोचला. डॉक्टरीणबाईंनी आधी बाळ तपासलं, मग त्याच्या मोबाइलमध्ये साठलेलं दुपारचं चित्र.

“बाळ ठणठणीत आहे. पण या चित्रात आजींचा हातही निळा आहे, आणि हे लाल दुपटंही. तुम्ही बघितलं नाहीत?”

त्यानं दुपट्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. परतताना तो माझ्या शेजारी बसून समोरच्या काचेला रंगांचा क्रम समजावत होता.

“रंग कॅमेऱ्यानं उलटे केले,” मागून सासूबाई म्हणाल्या. “शब्द कुणाचे होते, जावईबापू?”

त्यानं बाहीनं काच पुसायला घेतली. रात्री जेवताना तो ताटाकडे बघून काहीतरी पुटपुटला म्हणे. “आंधळीला कशाला सांगता?” एवढं म्हणून त्या उठल्या.

सकाळी त्या पिशवी घेऊन दारात. मागे लेक डोळे पुसतेय, तिच्या मागे हा, खांद्यावर बाळ. आम्ही शेजारी पायपुसणी झटकण्याच्या मिषानं जिन्यात हजर. त्यानं आमच्याकडे पाहिलं, कालचं सगळं इथूनच ऐकलं गेलं होतं हे त्याच्या ध्यानात आलं असावं, आणि तो कालच्याच पट्टीत ओरडला,

“चूक माझी होती! आई, आंधळा मी होतो!”

बाळानं दचकून भोकाड पसरलं. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली.

“द्या इकडे. किती ओरडता!”

बाळ आत गेलं. तो तिथेच उभा, आमच्याकडे पाठ करून. कान लालभडक झालेले. मधे कॅमेरा नव्हता, लालच होते.