डब्यातली काडी

टाचणीताईंच्या तोंडात कायम टाचण्या असत, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव ठेवलं होतं. रस्त्याकडेच्या खोलीत त्या एकट्या राहत, बायकांचे झगे आणि कोट शिवत. बाई तशी धीराची, पण किडा दिसला की हातपाय गळायचे.

त्यांचा धाकटा भाऊ शाळेत विज्ञान शिकवायचा. काही महिने बाहेरगावी जाताना तो जाळीचा डबा ठेवून गेला. आत एक काडी चक्क चालत होती.

"काडीकिडा आहे. गुलाबाची पानं टाकत जा."

"पिल्लं घातली तर रे?"

"एकटीच आहे गं," तो बूट चढवत म्हणाला. ताईंनी त्याचा सोयीचा अर्थ घेतला.

तळाशी तपकिरी दाणे साचत. घाण समजून ताई ते तोंड फिरवून खिडकीतल्या कुंडीत झटकत.

पुढे एका सकाळी शिवून झालेल्या कोटाच्या कॉलरवर दोरा दिसला. ताई ओढायला गेल्या, तर दोऱ्याने पाय उचलला. त्या किंचाळून भिंतीला टेकल्या. पडद्यावर, रिळांवर, लेसवर, जिकडे तिकडे तसलेच दोरे हलत होते.

त्यांनी भावाला फोन लावला. "अरे, खोलीभर पिल्लं झालीत! यात नर कुठून आला?"

"नर लागतच नाही, ताई. सगळ्या माद्याच. एकटीच अंडी घालते, डब्याच्या तळाशी तपकिरी दाणे दिसतात ना, तीच. त्यातूनही माद्याच निघतात."

"म्हणजे यातली प्रत्येक..."

"मोठी झाली की तीही."

ताईंनी फोन ठेवला. तेवढ्यात कोटवाली गिऱ्हाईक आत आली आणि थेट कोट अंगात घालून आरशासमोर उभी राहिली. तिच्या मानेकडे एक दोरा सरकत होता. ताईंनी डोळे मिटून तो चिमटीत धरला.

"काय होतं?"

"दोरा राहिला होता," त्या कशाबशा म्हणाल्या. मुठीत वळवळ चालली होती.

गिऱ्हाईक कोट घेऊन गेली. ताईंनी कुंडीत उकळतं पाणी ओतलं, उरलेल्या सगळ्या माद्या झाडूने डब्यात ढकलल्या. संध्याकाळी भावाने पाठवलेला मित्र डबा घेऊन गेला. खोली स्वच्छ झाली, तरी ताई प्रत्येक शिवण उलटून बघत. कोटवाली रस्त्यात भेटली की विचारत, "कोट बरा बसतो ना?"

"छान बसतो. का हो?"

"काही नाही, सहज," म्हणत ताई तिच्या कॉलरकडे बघत राहत.