ज्ञानेश दिसायचा थांबला

भाजीला फोडणी देताना कौसल्याबाईंनी बापलेकाचं भांडण ऐकलं, आणि कढईत मोहरी करपली.

"लोणी देवकरला कंपनीत चांगला चिकटला होतास," ओसरीवर जोतीराम गरजत होते. "ते सोडून तोंडाला रंग फासायचा?"

"तात्या, मालिकेत काम मिळालंय. अख्खा महाराष्ट्र बघंल मला."

"बघू दे. तू ज्यात दिसशील ते मी बघणार न्हाय. शपथ!"

कौसल्याबाईंनी कपाळाला हात लावला. ह्या माणसानं एकदा रागानं चहा सोडला होता, तो मेव्हण्याच्या लग्नातही घेतला नव्हता.

ज्ञानेश मुंबईला गेला. आधी हवालदार झाला, मग दुसऱ्या मालिकेत मेलेला हवालदार, आणि मग एकदम म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढणारा लेक. त्यात एवढा गाजला, की बारामतीच्या बाजारात पेरू विकणाऱ्या भागूबाईंनी त्याची कॉलरच धरली.

"मेल्या, आईला हाकलतोस व्हय?"

"अवो, मला कुठं हाकललंय," पिशवी सावरत कौसल्याबाई म्हणाल्या. "ही काय, हितंच उभी हाय मी."

भागूबाईंनी त्यांना दोन पेरू दिले. ज्ञानेशला एकही नाही.

घरी, वरकुट्याच्या वस्तीवर मात्र संध्याकाळी मालिका लागायची वेळ झाली की जोतीराम उठून विहिरीवर जायचे, मोटर बंद करायला. सगळ्या वस्तीला विजेची एकच डीपी. मोटर चालू असली की टीव्ही मिचमिच करून बंद पडायचा. "मोटर तापती," असं ते सांगायचे. ती नेमकी लेकाच्याच मालिकेला कशी तापते, हे कौसल्याबाईंनी कधी विचारलं नाही. मालिका संपेपर्यंत जोतीराम अंधारात विहिरीच्या कठड्यावर बसून राहायचे.

एकदा फोनवर कौसल्याबाईंनी हे लेकाला सांगून टाकलं.

पुढच्या वर्षी, चांगलं नाव झालेलं असताना, ज्ञानेशनं पडद्यावर काम करणं सोडलं आणि दिग्दर्शक झाला. पेपरवाल्यांना त्यानं मोठमोठी कारणं दिली. आईला म्हणाला, "आता मी दिसतच न्हाय. तात्यांची शपथ कशी मोडंल?"

त्याची मालिका सुरू झाली त्या दिवशी तो घरी आला. जोतीराम तोवर थकले होते, हातात काठी आली होती.

"तात्या, ह्यात मी कुठंच न्हाय. बसा की."

जोतीरामांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "खरंच न्हाईस?"

"न्हाय."

"मग बघायला हरकत न्हाय."

तेवढ्यात टीव्ही मिचमिचला. ज्ञानेश उठू लागला. "बस," जोतीराम म्हणाले, "तुझं काम न्हाय ते." जाऊन मोटर बंद करून आले आणि टीव्हीपुढं बसले. पडद्यावर नाव आलं, ज्ञानेश जोतीराम.

"आरं, नाव दिसलं की!"

"त्यात तुमीबी हाय, तात्या."

"मला न बघायची कुठं शपथ हाय," म्हणून ते पुढं बघत राहिले.

पुढचा उन्हाळा काही त्यांनी बघितला नाही. गेले त्याच्या आदल्या संध्याकाळीही ते काठी टेकत विहिरीवर गेले, लाल बटण दाबलं, हात धोतराला पुसले, आणि मालिका चुकू नये म्हणून जरा घाईनंच घराकडं वळले.