डोहाचा पत्ता

"डाव्या हातले टाक लेका, बाभळीखाली!"

माझा मित्र बोरगाव मेघ्यात खाटेवर पडून ओरडत होता आणि मी तिकडं डोहाच्या काठावर गुडघाभर चिखलात उभा होतो. व्हिडिओ कॉल लावून माझा मोबाइल मी झाडाच्या बेचक्यात अडकवला होता. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, बाभळीला कंठ फुटलाय आणि ती मला शिव्या घालतेय.

हातात त्याचं मासे शोधायचं मशीन. मशीन म्हणजे लिंबापेक्षा जरासा मोठा पिवळा चेंडू. दोरीला बांधून पाण्यात फेकला की खालचं सगळं चित्र त्याच्या मोबाइलवर येतं; म्हणून तो मोबाइलही माझ्याकडं होता आणि तो वहिनींच्या मोबाइलवरून ओरडत होता. तळ, गाळ, आणि मासा असेल तिथं कमानीसारखी खूण. हार्डवेअरच्या दुकानात खिळे-बिजागऱ्या विकता विकता त्यानं ते मागवलं होतं. पहिल्या दिवशी घरच्या टाकीत टाकून पाहिलं, तर वहिनींची हरवलेली वाटी सापडली. मी सांगतो तेव्हा सोन्याची अंगठी सापडते.

डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यापासून त्यानं दुकानाची चौकशी केली नाही. त्याला एकच जाणून घ्यायचं होतं, थोरला अजून डोहात आहे का.

थोरला म्हणजे कतला मासा. आमच्या दोघांच्या पिठाच्या गोळ्या खाऊन पोसलेला. एकदा त्यानं माझा गळ, दोरी आणि डाव्या पायातली चप्पल नेली, आणि दुसरीसाठी परत आला होता. शेपूट आपटली की काठावरची म्हैस दूध द्यायची थांबायची. मित्रानं त्याला दोनदा काठापर्यंत आणला आणि दोनदा गमावला, हे मात्र मी पदरचं घालत नाही.

चहाच्या टपरीवर मासा हवा तेवढा फुगवायची सगळ्यांना मुभा होती. जागा खरी सांगायची मात्र कोणालाच नव्हती. कोणी विचारलं की आम्ही बेधडक रोहण्याचं नाव घ्यायचो. आमच्या शब्दावर इतके लोक तिकडं गेले, की तिथल्या नाल्यात माशांपेक्षा गळ जास्त झाले असतील. खरा डोह कुठं आहे ते तुम्हालाही सांगणार नाही. सवय आहे.

मागल्या थंडीच्या शेवटी मित्राला एक देखणा कतला लागला. त्यानं मशीनच्या ॲपवर फोटो चढवला आणि खाली शिस्तीत लिहिलं, रोहणा. इतकं इमानदारीनं खोटं लिहिलं बिचाऱ्यानं. पण ॲपनं आपल्या मनानं नकाशा जोडून टाकला, नेमका आमच्या डोहावर लाल ठिपका.

पुढच्याच रविवारी नागपूरकडच्या मोटारसायकली आल्या आणि उन्हाळाभर येत राहिल्या. ज्याच्या त्याच्या हातात पिवळा चेंडू. उन्हाळ्यात नदीची धार तुटते आणि आसपासचे मासे त्या एका डोहात येऊन जीव धरतात, म्हणून आम्ही त्या दिवसांत गळ ओला करत नसू. त्यांना आम्ही हे सांगितलं. ते छान हसले, आमच्यासोबत फोटोही काढला. ठिपका काढायला मित्रानं ॲपची किती बटणं दाबली असतील. फोटो गेला, ठिपका काही जाईना. मग त्याचं पोट दुखू लागलं, तपासण्या सुरू झाल्या, आणि डोहाचा विषय निघाला की तो भिंतीकडं तोंड करायचा.

तर मी चेंडू डावीकडं टाकला. उजवीकडं टाकला. खडकाच्या कपारीपाशी, जिथं थोरला दुपारी झोपायचा, तिथंही टाकला. स्क्रीनवर तळाची तपकिरी रेघ सरकत होती, इस्त्री केल्यासारखी सरळ. कमान सोडा, बेडकाएवढा ठिपका नाही. मी चेंडू पुसला, त्याचा मोबाइल बंद करून चालू केला, पुन्हा टाकला. वर पाणी किती छान दिसत होतं.

झाडावरून तो ओरडला, "स्क्रीन इकडं कर ना बे. काऊन लपवून राह्यला?"

ऊन पडलंय, उजेडात काही दिसत नाई, म्हटलं. आभाळ भरलेलं होतं. त्याच्या खाटेला लागून खिडकी होती.

मग नेटवर्क गेलं. म्हणजे मी घालवलं.

संध्याकाळी त्याच्याकडं गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मी खाटेच्या कडेला बसलो आणि मासा फुगवायच्या कलेत काही कसर ठेवली नाही. थोरला आहे म्हटलं, कपारीत बसलाय, चेंडू त्याच्या पाठीवर टेकला तर स्क्रीन अख्खी काळी झाली, मागं दोन बायका आणि पोरांची ही फौज. एरवी तो मला मधेच तोडायचा, पुरे, अर्धा मासा काप म्हणायचा. त्या दिवशी त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वहिनींनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली, तरी तो खिडकीकडं पाहत होता.

मग म्हणाला, "ते मशीन कोणाले देऊ नको."