एकाच पायाचं दुखणं

सीमाभागातल्या आमच्या अनगोळात पहाटे धावणाऱ्यांचा एक गट आहे. गटाला पिवळा टी-शर्ट आहे, अध्यक्ष आहेत आणि एक वास आहे. टी-शर्ट वर्षातून एकदा पाहुण्यांच्या हस्ते मिळतो. अध्यक्ष कायम असतात. वास रविवारी लांब पळून आल्यावर सुटतो: कापूर, पुदिना आणि निलगिरीचं तेल एकत्र कढवल्यासारखा. प्रत्येकाच्या खिशात दुखण्यावरच्या मलमाची ट्यूब असते आणि आपलीच ट्यूब खरी अशी प्रत्येकाची श्रद्धा असते.

मी पन्नाशी उलटल्यावर या मंडळींत शिरलो. श्रद्धा मला कधीच पचलेली नाही, म्हणून मी चार रविवार प्रयोग केला. मलम फक्त डाव्या पायाला, उजव्याला नुसतं पाणी. डावा आधी गार, मग गरम व्हायचा आणि आत काहीतरी मोठं काम चाललंय असं वाटायचं. पण सोमवारी जिना उतरताना दोन्ही पोटऱ्या सारख्याच कुरकुरत आणि बुधवारी दोन्ही गप्प होत. बुधवारचं श्रेय मलम घेतं, असं माझं मत झालं. बायकोच्या मते उजवा पाय डाव्याच्या वासानेच बरा झाला होता. अध्यक्ष म्हणाले की श्रद्धा नसलेल्याला गुण येत नाही. हे वाक्य मी तोवर फक्त बुवा-बाबांच्या बाबतीत ऐकलं होतं.

मग भाची आमच्याकडे राहायला आली. धाकट्या बहिणीची मुलगी, गाव निपाणीजवळ, शेतकरी घर. पोलीस भरतीची तयारी करत होती. शाळा मराठीतून झालेली आणि लेखी परीक्षा कन्नडमधून, म्हणून दोन वर्षं तिने कन्नड घोकलं आणि ती पास झाली. राहिली होती मैदानी चाचणी: मैदानाची एक फेरी ठरलेल्या वेळेत, उडी आणि गोळा. वयाच्या अटीमुळे ही शेवटची खेप होती. घरात हे कुणी बोलत नसे, म्हणजे सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं.

माझ्या प्रयोगातली उरलेली ट्यूब मीच तिला दिली. ती आठवड्यात संपली. दुसरी तिने खडेबाजारातून आणली. तिसरी लपवून आणली, पण मलम लपवता येतं, वास लपवता येत नाही. मी लक्ष ठेवू लागलो. ती मलम एकाच पायाला लावायची. पोटरीला नव्हे, नडगीच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर. पळण्याचं दुखणं दोन्ही पायांना वाटून येतं आणि बुधवारपर्यंत जातं, एवढं माझ्या चार रविवारांनी मला शिकवलं होतं. हे दुखणं एका पायाला, एका जागी, आणि तीन बुधवार उलटले तरी तिथंच.

"काय न्हाय ओ मामा," ती म्हणाली. "जरा आखडलंय. लावलं की जातंय."

जातंय, पण कुठं, हे मला कळेना. मी खोकं तपासलं. खोक्यावर हवेत झेप घेतलेला माणूस होता. आतल्या कागदावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, आठवड्यात बरं न वाटल्यास डॉक्टरांना दाखवा असं लिहिलेलं होतं. झेप बाहेर, डॉक्टर आत. अध्यक्षांना विचारलं तर त्यांनी मलम सोडून मोठे खेळाडू वापरतात तो फवारा घ्यायला सांगितलं.

शेवटी तिला जवळच्या तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादांकडे नेलं. पैलवानांचे पाय चोळण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांच्यामागे फळीवर घरगुती तेलाच्या हिरव्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. म्हणजे दुकान इथंही आहे, असं मी मनात म्हटलं. वस्ताद तिच्या पायाकडे वाकले, वास घेतला आणि परत मागे टेकले.

"पाय झोपवून आणलासा," ते मला म्हणाले. "झोपलेल्याला काय इचारू? पोरी, दोन दिवस पळू नको, काय बी लावू नको. नुसता धुवून ये."

दुसऱ्या दिवशी ती कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. मी दिसताच तिने कठडा सोडला.

तिसऱ्या सकाळी वस्तादांनी तिला एका पायावर उड्या मारायला लावल्या. उजव्यावर तिने दहा मारल्या. डाव्यावर एक मारली आणि पुढं पाय उचललाच नाही. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाली. मग मार म्हटल्यावर जमिनीकडे बघत उभी राहिली.

"हाडाचं दिसतंय," वस्ताद म्हणाले. "हितं माझं तेल चालत न्हाय. फोटो काढा."

त्यांनी बाटलीकडे हातही नेला नाही. माझ्या संशयाला क्षणभर काही कामच उरलं नाही.

एक्स-रेच्या फोटोत काही आलं नाही. हाडाला बारीक तडा असेल तर सुरुवातीला दिसत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्या जागेवर बोट दाबलं. तिच्या पायाची बोटं आखडली. सहा आठवडे पळायचं नाही, असं ठरलं. चाचणी अकरा दिवसांवर होती.

त्याच रात्री ती ट्यूब घेऊन माझ्यासमोर आली.

"अकरा दिवस पळत न्हाय. त्या दिवशी एकदाच पळणार. आणि ही तुमच्याकडं ठेवा. लावून पळाले तर मोडाय लागलंय का न्हाय, मला कसं कळायचं?"

मी डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मनाई करायचा अधिकार मला होता की नाही कोण जाणे. पण सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेऊ असं सांगायला सरकार काही माझ्या खिशात नव्हतं.

चाचणीच्या दिवशी आम्हा पालकांना फाटकाबाहेरच थांबवलं. आसपास मुली पायांना मलम चोळत होत्या, फवारे मारत होत्या. आमचा रविवार तिथं भर मंगळवारी उतरला होता. ती काही न लावता तशीच आत गेली. भिंतीमुळे काही दिसत नव्हतं. शिट्टी वाजली की मी श्वास धरायचो, आणि शिट्ट्या तर सारख्याच वाजत होत्या.

दुपारी ती बाहेर आली. सरळ चालत, जरा जास्तच सरळ.

"झाले पास."

"दुखलं?"

"न्हाय."

एका पायावर उडी मारून दाखव, असं मी म्हणालो. फाटकावरच्या पोलिसांकडे तिने नजर टाकली आणि चालू लागली. तशीच, सरळ पावलं टाकत, चहाच्या गाडीपाशी वळेपर्यंत. फाटक दिसेनासं झाल्यावर तिने माझा खांदा धरला आणि सगळा भार माझ्यावर टाकला.

"मामा, लई दुखतंय. शेवटच्या वळणापासनं."

मी काही तपासलं नाही. फाटकाजवळ लावली तर उचलून नेतील या शंकेने स्कूटर मी पार लांब उभी केली होती. तिला कट्ट्यावर बसवलं आणि स्कूटर आणायला पळत गेलो.