अकोल्याचं अकोले

मंगळवारी दादा गेला. बुधवारी सकाळी फुलांचा भाव कुणालाच गेला नाही.

दादा आणि मी अमरावतीला घरूनच सॉफ्टवेअरचं काम करायचो. पोटापाण्याचं काम पुण्याच्या कंपनीचं. पण झेंडू-शेवंती लावणाऱ्या आमच्या नातलगांना अमरावती-अकोल्याचा भाव रोज फोनवर कळवणारा प्रोग्राम आमचा दोघांचा. तेरवी झाली, दसरा जवळ आला. घरात बाबा आणि मीच उरलो होतो. बाबा म्हणाले, "बंद कर वं आता. एकटीच्यानं होनार नाही."

होईल, हे मला माहीत होतं. माझी हत्यारं साधी आहेत. एक बिनरंगी एडिटर. हजार फायलींतून एक शब्द शोधून देणारी आज्ञा. ती अंदाज करत नाही, म्हणून मला प्रिय. आणि प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम. कोणती ओळ कुणी लिहिली हे सांगणाऱ्या त्यातल्या आज्ञेच्या इंग्रजी नावाचा अर्थ दोष देणे. दादाने ते बदलून 'काहून', म्हणजे 'का', ठेवलं होतं. "दोष कायले द्या? इचारून पाहा ना," म्हणायचा.

संदेशाचा मजकूर तो रोज हाताने, आमच्या वऱ्हाडीत लिहायचा. मी तो प्रोग्रामवर सोपवला, शुद्ध मराठीत. दोनेक दिवसांत हिवरखेडच्या काकांचा फोन आला. बाबांचे चुलतभाऊ ते.

"पोरी, हे तहसीलीतून येऊन राहिलं का? कोनी वाचतच नाही."

कुणी वाचणार नसेल तर प्रोग्राम चालवून काय उपयोग? मी एक ओळ लिहिली: शब्दाच्या शेवटी 'ला' आला की 'ले' कर. 'शेतकऱ्याला'चं 'शेतकऱ्याले' झालं. तेवढंच पाहिलं आणि पाठवून दिलं.

सकाळी पुन्हा काका.

"काहून वं, अकोला उचलून नगर जिल्ह्यात नेला का? 'अकोले, झेंडू चाळीस.' आता फुलं घेऊन तिकडं जाऊ?"

मागून काकू ओरडल्या, "इचारा तिले, गाडीभाडं कोन देते!"

मी 'काहून' टाइप केलं. अकोल्याचं अकोले करणाऱ्या ओळीपुढे माझंच नाव आलं. मला हसू आलं, आणि ते थांबेना. दादा गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. बाबा घाबरून आत आले. मी संगणकाचा पडदा दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, त्यांचेही खांदे हलू लागले. मग खुर्ची ओढून बसले.

"असं कोनी बोलते का? लिव, मी सांगतो."

'ला'चं 'ले' करणारी ओळ मी काढून टाकली. बाबा एकेक वाक्य बोलून दाखवत गेले, मी टाइप करत गेले. एका शब्दावर अडले, तेव्हा म्हणाले, "तो कसं लिवे?" शोधाच्या आज्ञेने जुन्या संदेशांतून तो शब्द लगेच काढून दिला.

दसऱ्याला झेंडूच्या गाड्या अकोल्यालाच गेल्या.

आता मजकूर बाबा सांगतात, मी लिहिते. घरात आम्ही दोघं आहोत, आणि भाव रोज सकाळी जातो.