दहा मोजणारं बोट

शिरोली नाक्यावरचा तो ऑटो इलेक्ट्रिशियन मला दहा वर्षं ओळखतो, तरी ‘पावणं’च म्हणतो. माझ्या ट्रकची बॅटरी चोवीस व्होल्टची, मागचा कॅमेरा बाराचा. मधे व्होल्टेज उतरवायला रेग्युलेटर लागतो, आणि मला तो स्वस्तातलाच हवा असतो. मीटर काहीही दाखवो, स्वस्त माल तो अर्धा तास चालू ठेवतो आणि मग त्यावर बोट टेकवून दहा मोजतो. त्याआधी चटका बसला, की रेग्युलेटर बादलीत. “ह्यो गाडी पेटवंल की!”

परवा त्यानं शांतपणे दहा मोजले. “गार हाय, न्या बिनघोर.” मी सहज हात लावला आणि ओरडलोच. त्यानं आपलं बोट उलटं करून पाहिलं. टोक लालभडक झालं होतं. चटके खाऊन खाऊन ते बधिर झालंय, हे त्यालाही आत्ताच कळत होतं.

मग त्यानं माझं बोट धरून दुसऱ्या रेग्युलेटरवर टेकवलं आणि स्वतः मोजू लागला. सहाला मी हात ओढला. दोन्ही बादलीत गेले.

बादलीकडं बघतच तो म्हणाला, “दिवाळीपास्नं मला एकबी चटका न्हाय बसला, पावणं. तवापास्नं लई गाड्यांस्नी असलं बसवलंय. कुनाकुनाच्या, ते ध्यानात न्हाय.”