टेबलबाई

आमच्या घरात तिघांचं पोट टेबलावर चालायचं आणि घरात टेबल मात्र एकही नव्हतं.

दादा सुतार. त्याच्या लेखी टेबल म्हणजे चार पाय, वर एक फळी आणि "हलतंय हो" म्हणत परत आलेलं गिऱ्हाईक. मी सरकारी कचेरीत कारकून. आमच्याकडे टेबल म्हणजे लाकूड नव्हे, काम. "माझं टेबल बदललं" म्हणजे काम बदललं. "फाईल साहेबांच्या टेबलावर आहे" म्हणजे आता महिनाभर विसरा. आणि "ते माझं टेबल नाही" या एका वाक्यावर मी पंधरा वर्षं नोकरी रेटली, खोटं कशाला बोलू! दादाची मुलगी शाळेतून आली की सेव्हनचं टेबल घोकत घरभर फिरायची, ते आणखी वेगळंच.

वहिनीच्या तोंडी टेबल आलं की त्यावर माणूस असायचाच. ती इस्पितळात, ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस. "आज टेबलावर चार घेतले, ताई." "एक बिचारा टेबलावरच गेला." हे ती भाजी निवडता निवडता सांगायची आणि माझ्या हातातली शेंग हातातच राहायची.

सव्वीस वर्षं तिनं ते एकच टेबल सांभाळलं. पुसायचं, चादर ताणायची, पट्टे बांधायचे, पेशंट उचलून ठेवायचा, डॉक्टर सांगतील तसा दांडा फिरवून टेबल वर, खाली, तिरकं करायचं. तिथं तिला नावानं कोणी ओळखत नव्हतं. मोठे डॉक्टरसुद्धा "टेबलबाई" म्हणून हाक मारायचे. मला भारी राग यायचा.

"अगं, हे काय नाव झालं? तू काय फर्निचर आहेस?"

"तुम्हाला कचेरीत काय म्हणतात?" तिनं शांतपणे विचारलं.

मला "जन्ममृत्यूवाल्या बाई" म्हणतात, कारण माझं टेबल जन्ममृत्यूच्या नोंदींचं.

मुलीच्या अभ्यासासाठी दादानं एकदा हौसेनं छोटं टेबल करून आणलं. वहिनीनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "दिवसभर तेच बघते. घरी बघितलं तरी मला त्यावर कोणीतरी निजलेलं दिसतं," म्हणाली. दादा आठवडाभर फुगून बसला होता. जगाला टेबलं पुरवणारा माणूस घरी जमिनीवर मांडी घालून जेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते गाऱ्हाणं सांगायचा.

इस्पितळात तिचा दबदबा होता तो मोजणीमुळे. ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला मॉप लागतात, म्हणजे हातरुमालाएवढे जाड जाळीचे चौकोन. आदल्या दिवशी ते पाच-पाच मोजून दोऱ्यानं बांधायचे आणि वाफेच्या यंत्रात घालायचे. पोट शिवायच्या आधी वापरलेले सगळे मॉप खाली चादरीवर पाच-पाचच्या ओळीत मांडायचे. वीस आत गेले असतील तर वीस बाहेर आलेच पाहिजेत. एखादा आत राहिला तर तिथं पू होतो आणि माणूस हातचा जातो. वहिनीची मोजणी सव्वीस वर्षांत कधी चुकली नव्हती. "टेबलबाईंनी बांधलंय" म्हटलं की पुढे कोणी विचारायचं नाही.

आणि मग दादाचंच पोट दुखायला लागलं. सहा महिने त्यानं अंगावर काढलं. आतड्यात गाठ निघाली. मोठे डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल, थांबण्यात अर्थ नाही.

"काढा," दादा म्हणाला. "पण हिच्याच टेबलावर."

घरच्या माणसाचं ऑपरेशन असलं की कर्मचाऱ्यानं आत थांबायचं नाही, असा तिथला नियम. पण तयारीला नियम नव्हता. आदल्या दिवशी दुपारी वहिनीनं स्वतः मॉप बांधले. सकाळी टेबल स्वतः लावलं, दादाला स्वतः त्यावर घेतलं, पट्टे बांधले आणि बाहेर आली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"टेबल ठोकून बघितलं. म्हणे, काम बरं आहे, पण पॉलिश कोणी केलंय?" ती हसायला गेली आणि तिला रडू आलं.

आत तिच्या जागी दुसऱ्या पाळीतली बाई होती. कामाला वाईट नव्हती, पण नवीन. आम्ही दोघी दाराबाहेरच्या बाकावर बसलो. दोन तास झाले, अडीच झाले. माझी बडबड चालू होती, मला गप्प बसवतच नाही.

मग दार किलकिलं झालं आणि नर्सनं डोकं बाहेर काढलं. "टेबलबाई, एकोणीसच भरतायत हो. तीनदा मोजले. तुम्ही वीसच बांधले होते ना?"

वहिनीच्या तोंडावरचं रक्तच उडालं. नर्स म्हणाली, "प्रेशर खाली चाललंय. डॉक्टर शोधतायत, पण फार वेळ उघडं ठेवता येणार नाही. नीट आठवा. मी येतेच," आणि दार लागलं.

"वहिनी, अगं बोल की!"

"काल बांधताना माझे हात कापत होते, ताई," ती म्हणाली. "डोळ्यांसमोर सारखे हेच येत होते. बांधल्यावर फिरून मोजले की नाही, मला आठवतच नाही. एखाद्या जुडीत चारच गेले असतील तर?"

मला लगेच वाटलं, अरे, मग तर सुटलोच! आत मॉप नाहीच म्हणजे. उगाच त्याचं पोट उघडं टाकून शोधतायत.

"मग सांग ना त्यांना! म्हणावं, माझं चुकलं, चार बांधले, शिवून टाका. तुझं काय जातंय? तिकडे त्याचा जीव चाललाय!"

ती उठून दाराशी गेली आणि परत येऊन बसली.

"नाव खराब होईल म्हणून गप्प बसलीस का?" मी तोंडाला येईल ते बोलले. संतापले की माझ्या जिभेला हाड नसतं. "सव्वीस वर्षांची मिजास आणि माझा भाऊ, काय मोठं आहे तुला? सांग, चुकलं म्हणून!"

तिचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. तेवढ्यात दार सताड उघडलं. मोठे डॉक्टर स्वतः दारात, हातमोजे घातलेले हात छातीशी धरलेले.

"टेबलबाई, एका शब्दात सांगा. एखादी जुडी चारची असू शकते का? असेल तर आत्ता शिवतो. दोनदा हात घालून पाहिलं, मला काही सापडत नाही."

वहिनी उठून उभी राहिली. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

त्या बाईच्या तोंडून हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नसणार.

"वीस होते असं मी म्हणणार नाही आणि एकोणीस होते असंही नाही. माझ्या मोजणीवर जाऊ नका, डॉक्टर. टेबल डोक्याकडून खाली घेतलं होतं का?"

"घेतलं. पूर्ण घेतलं."

"नव्या बाईनं घेतलं? दांडा अर्ध्यावर अडकतो. नवीन माणसाला वाटतं संपला. गुडघा लावून आणखी फिरवावा लागतो. डोकं अजून खाली गेलं की आतडी वर सरकतात आणि ओटीपोटातली मागची जागा मोकळी होते. तिथं बघा."

डॉक्टर दारातून बाजूला झाले. "तुम्हीच या," म्हणाले.

नियम गेला खड्ड्यात. तिनं तिथल्या तिथे अंगावर हिरवा झगा चढवला, डोकं बांधलं आणि आत गेली. मी एकटी राहिले. मला देवाचं नावसुद्धा नीट आठवेना. आतून दांडा फिरल्याचा करकर आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग बराच वेळ काहीच नाही.

शेवटी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "वीस."

माझा जीव भांड्यात पडला. मॉप अगदी मागे, खोल, रक्तानं भिजून आतड्यासारखाच झाला होता. हाताला लागूनही कळला नसता, दिसला म्हणून निघाला. वहिनीनं बरोबर पाचच्या चार जुड्या बांधल्या होत्या.

दादा अकराव्या दिवशी घरी आला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची कटकट सुरू झाली. भात मऊ का, उशी पातळ का, दुकान कोण बघतंय. एवढं बरं वाटलं ते ऐकून, की मी एकदाही त्याला उलटं बोलले नाही.

महिन्याभरानं एका दुपारी तो आत झोपला होता. वहिनी आणि मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो.

"वहिनी, त्या दिवशी मी फार वाईट बोलले," मी म्हटलं. कधीतरी बोलायचंच होतं.

"बोललात खरं," ती म्हणाली. रागानं नाही. चादरीचं एक टोक तिनं माझ्या हातात दिलं. "एक सांगू? तुम्ही दोनदा म्हणालात ना, चुकलं म्हणून सांग, दुसऱ्यांदा म्हणालात तेव्हा 'माझंच चुकलं' हे शब्द माझ्या तोंडात आले होते. आणखी एकदा म्हटलं असतंत, तर डॉक्टरांना मी तेच सांगितलं असतं. ते शिवून मोकळे झाले असते."

मी चादरीचं टोक ताणून धरलं.

"बरं झालं तुम्ही गप्प बसलात," ती म्हणाली. "मी ह्यांनाही सांगितलंय, ऐन वेळी ताईंनी जीभ आवरली म्हणून निभावलं."

गप्प कुठली बसते मी! तिसऱ्यांदा म्हणायला मी तोंड उघडलं होतं आणि तेवढ्यात डॉक्टरांनी दार उघडलं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.